भुईमुगातली बुरशी आणि अफ्लाटॉक्सिन : निवडून टाकलेला दाणा जातो कुठे?

शेंगदाणे भाजण्याआधी ताटात घेऊन निवडायचे आणि काळा, सुरकुतलेला, बुरसलेला दाणा बाजूला काढायचा, ही मराठी स्वयंपाकघरातली जुनी रीत आहे. तिला विज्ञानाचाही भक्कम आधार आहे. शेंगदाण्यावर वाढणारी एक बुरशी 'अफ्लाटॉक्सिन' नावाचे विष तयार करते. ते यकृताला घातक असून भाजल्याने किंवा तळल्याने पूर्णपणे जात नाही. यातले बरेचसे विष थोड्याच खराब दाण्यांत साठलेले असते. त्यामुळे ते दाणे काढून टाकणे हा सर्वांत सोपा आणि परिणामकारक उपाय ठरतो.

घरात हे काम मूठभर दाणे केरात टाकून संपते. कारखान्यात आणि बाजारात मात्र असे दाणे पोत्यांनी निघतात आणि त्यांनाही गिऱ्हाईक असते. हे विष शेतात कसे तयार होते, दाण्यात कसे टिकते आणि बाजूला काढलेल्या दाण्याबरोबर पुढे कुठे पोचते, याची ही माहिती.

अफ्लाटॉक्सिन म्हणजे काय?

'अॅस्परजिलस फ्लेव्हस' आणि तिची जवळची नातलग 'अॅस्परजिलस पॅरासिटिकस' या दोन बुरशी प्रामुख्याने हे विष तयार करतात. बुरशीच्या नावातला 'अ', 'फ्ला' आणि विष या अर्थाचा 'टॉक्सिन' मिळून 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव झाले. मातीत, पालापाचोळ्यात आणि साठवणीच्या धान्यावर या बुरशी जगभर आढळतात. वाढ जास्त झाली की दाण्यावर पिवळसर हिरवी भुकटी दिसते.

शेंगदाण्यात या विषाचे चार मुख्य प्रकार सापडतात : बी-१, बी-२, जी-१ आणि जी-२. अतिनील प्रकाशात पहिले दोन निळे आणि दुसरे दोन हिरवे चमकतात. निळ्या आणि हिरव्या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ही नावे पडली. चौघांत बी-१ सर्वांत घातक. मका, सरकी, सुकी मिरची, हळद, सुके खोबरे, पिस्ते यांतही अफ्लाटॉक्सिन आढळते. भुईमुगाची शेंग थेट मातीत वाढते, म्हणून हे पीक बुरशीच्या तावडीत लवकर सापडते.

टिक्का आणि तांबेरा या भुईमुगाच्या ओळखीच्या रोगांशी या बुरशीचा संबंध नाही. ते पानांवरचे रोग आहेत, त्यांनी उत्पादन घटते पण दाणा विषारी होत नाही. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत उलटे घडते. वेल हिरवा, उतारा चांगला आणि तरीही दाण्यात विष, असे होऊ शकते.

शोध लागला तो पेंडीमुळे

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. कारण कळेना, म्हणून रोगाला 'टर्की एक्स' असे नाव पडले. पक्ष्यांचे यकृत खराब झालेले होते, पण जंतू सापडत नव्हता. शोध घेता घेता तपास खाद्यापर्यंत पोचला. त्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि पेंडीत बुरशीचे विष होते. अफ्लाटॉक्सिनची ओळख जगाला झाली ती अशी.

माणसाच्या पोटात हे विष मोठ्या प्रमाणात गेले तर काय होते, हे भारताने १९७४ मध्ये पाहिले. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या लगतच्या आदिवासी भागांत त्या वर्षाच्या अखेरीस काविळीची साथ पसरली. पोटात पाणी होऊन माणसे दगावू लागली. घरातली कुत्रीही तशाच लक्षणांनी मेली. अवकाळी पावसात भिजलेला, बुरसलेला मका लोकांनी नाइलाजाने खाल्ला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तपासात त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन मोठ्या प्रमाणात आढळले. सुमारे चारशे जण आजारी पडले आणि शंभराहून अधिक मरण पावले. २००४ मध्ये केनियात मक्यामुळेच अशी साथ आली आणि तिथे १२५ जणांचा मृत्यू झाला.

बुरशी शेंगेत कशी शिरते?

फुलानंतर भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत उतरतात आणि त्यांच्या टोकाला शेंग धरते. तेव्हापासून काढणीपर्यंत शेंग मातीत, म्हणजे बुरशीच्या घरातच असते. तरीही निरोगी, ओलसर दाणा सहजासहजी बळी पडत नाही. बुरशीची चाहूल लागली की दाणा स्वतःच बुरशीरोधक द्रव्ये तयार करतो.

हा बचाव दाण्यातल्या ओलाव्यावर चालतो. पाण्याचा ताण पडला आणि दाणा एका मर्यादेपेक्षा सुकला की ती द्रव्ये तयार होणे थांबते. बुरशीला मात्र त्याहून कितीतरी कमी ओलावा पुरतो. दाणा स्वतःला वाचवण्याइतका ओला राहिलेला नाही आणि बुरशी थांबेल इतका वाळलेलाही नाही, हा मधला काळ सर्वांत धोक्याचा. त्यात जमिनीचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर बुरशीला ते नेमके मानवते. म्हणून काढणीआधीच्या तीन ते सहा आठवड्यांतला पाण्याचा ताण हे शेतात विष तयार होण्याचे मुख्य कारण मानले जाते.

दुसरी वाट जखमेची. हुमणी, वाळवी किंवा शेंगा पोखरणाऱ्या किडीने टरफलाला भोक पाडले, आंतरमशागतीत कोळप्याचा घाव बसला किंवा ताणानंतर अचानक भरपूर पाणी मिळून टरफल तडकले, की बुरशीला दार उघडे मिळते.

मराठवाड्यात धोका का वाढतो?

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात कापूस आणि मका ही मोठी पिके. भुईमूग त्या मानाने कमी असला तरी खरिपात आणि पाणी असेल तिथे उन्हाळ्यात घेतला जातो. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे. मात्र पाऊस सारखा पडत नाही, मध्ये मोठे खंड पडतात.

खरिपाचा भुईमूग जून-जुलैत पेरला जातो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेंगा पोसत असताना पावसाने ओढ दिली तर पीक ताणात येते. पुढे काढणीच्या वेळी परतीचा पाऊस गाठतो. आधी ताण आणि नंतर भिजवण, या क्रमाने बुरशीला शेतात शिरायलाही संधी मिळते आणि खळ्यावर वाढायलाही.

उन्हाळी भुईमूग जानेवारी-फेब्रुवारीत पेरतात आणि मे-जूनमध्ये काढतात. हे पीक पूर्णपणे पाण्याच्या पाळ्यांवर चालते. जायकवाडीच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला आवर्तनाची वाट पाहावी लागते, इतरांची भिस्त विहिरीवर आणि बोअरवर असते. एप्रिल संपता संपता विहीर तळ गाठते आणि शेवटच्या एक-दोन पाळ्या चुकतात. वेल तोवर वाढलेला असतो, शेंगा धरलेल्या असतात, त्यामुळे पीक हातात आले असे वाटते. दाण्याचा बचाव कोसळण्याचा काळ मात्र नेमका हाच. त्यातून माल वाळत असताना वळवाचा पाऊस आला तर नुकसान दुप्पट होते.

जमिनीचाही भाग आहे. भारी काळी जमीन सुकल्यावर भेगाळते आणि घट्ट होते. शेंगा उपटताना तुटून मातीत राहतात, टरफलाला इजा होते. म्हणून भुईमुगासाठी हलकी ते मध्यम, भुसभुशीत, निचऱ्याची जमीन सुचवली जाते.

काढणीपासून पोत्यापर्यंत

उपटलेल्या शेंगेत भरपूर पाणी असते. ओला दाणा बहुतेक वेळा वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त पाण्याचा असतो. साठवणीसाठी शेंगांतला ओलावा साधारण ८ टक्क्यांपर्यंत आणि सुट्या दाण्यांतला ७ टक्क्यांपर्यंत खाली यावा लागतो. हा उतार जितका लवकर आणि अखंड, तितकी बुरशीला संधी कमी.

उशीर अनेक ठिकाणी होतो. उपटलेल्या वेलांचा दाट ढीग लावला की आत ऊब धरते आणि ओल कोंडते. वेल उलटे करून, शेंगा वर राहतील अशा ओळीत पसरले तर हवा खेळती राहते. ओल्या शेंगा मळणी यंत्रात घातल्या की टरफले फुटतात. काही ठिकाणी शेंगा फोडताना दाण्याचे तुकडे होऊ नयेत म्हणून आधी त्यांवर पाणी शिंपडले जाते. आठवडाभर वाळवून मिळवलेला कोरडेपणा त्या शिंपणीत जातो.

दाणा पाहून विष कळते का?

काही अंशी कळते. सुरकुतलेले, अपरिपक्व, किडके, फुटके, रंग बदललेले आणि बुरशी धरलेले दाणे यांत अफ्लाटॉक्सिन असण्याची शक्यता खूप जास्त असते, म्हणून निवडण्याचा उपयोग होतो. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. बुरशी दिसते तिथे विष असेलच असे नाही, कारण प्रत्येक बुरशी ते तयार करत नाही. आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही दोन डाळिंब्यांच्या मध्ये बुरशी लपलेली असू शकते. विषाला रंग, वास किंवा ओळखू येणारी चव नाही. दाणा खवट लागतो तो त्यातले तेल खराब झाल्यामुळे. खवटपणा हा जुन्या मालाचा इशारा आहे, अफ्लाटॉक्सिनची चाचणी नव्हे.

मोठी अडचण नमुना घेण्याची आहे. विष सगळ्या पोत्यात सारखे पसरलेले नसते. एखाद्याच दाण्यात किलोमागे १० लाख मायक्रोग्रॅमहून जास्त या पातळीचे अफ्लाटॉक्सिन मोजले गेले आहे. असा ०.४ ग्रॅमचा एक दाणा धरला तर त्यात सुमारे ४०० मायक्रोग्रॅम विष होते. किलोला १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरली, तर बाकीचे दाणे पूर्ण शुद्ध असूनही तो एकटा ४० किलो माल मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवतो. त्याच पोत्यातून दोन मुठी दाणे तपासायला नेले तर अहवाल 'शुद्ध' येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून निर्यातीच्या मालातून अनेक ठिकाणांहून थोडे थोडे दाणे घेतात, त्यांचा मोठा नमुना एकत्र दळतात आणि मग प्रयोगशाळेत तपासतात.

शरीरात काय होते?

पोटात गेलेले बी-१ यकृतात पोचते. बाहेरून आलेले पदार्थ निकामी करण्याचे काम तिथली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, करतात. बी-१ वर त्यांची क्रिया झाली की त्यापासून अधिक आक्रमक रूप तयार होते. ते पेशीतल्या डीएनएला चिकटते आणि त्यात बिघाड घडवते. असे बिघाड साठत गेले की यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवत असल्याचे सिद्ध झालेल्या पदार्थांत ठेवले आहे.

ज्यांना हिपॅटायटिस बीचा दीर्घकालीन संसर्ग आहे त्यांच्यात हा धोका अनेक पटींनी जास्त असतो. त्यामुळे बालकांच्या नियमित लसीकरणातली हिपॅटायटिस बीची लस याही बाबतीत संरक्षण देते. लहान मुलांच्या खुंटलेल्या वाढीशीही अफ्लाटॉक्सिनचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळला आहे.

मराठवाड्यात महाशिवरात्र, एकादशी, नवरात्र अशा उपवासांच्या दिवशी भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या. अन्न व औषध प्रशासनाने त्यानंतर दिलेल्या सूचनांत भगरीवर वाढणाऱ्या अॅस्परजिलस गटातल्याच बुरशीचा उल्लेख आहे. त्या प्रकारात मळमळ, उलट्या, चक्कर ही लक्षणे काही तासांत दिसतात, म्हणून गावभर बोलबाला होतो. शेंगदाण्यातले अफ्लाटॉक्सिन सहसा थोडे थोडे, वर्षानुवर्षे पोटात जाते. त्या दिवशी कुणीही आजारी पडत नाही, म्हणून कुणी तक्रारही करत नाही.

याचा अर्थ शेंगदाणा टाळावा असा नाही. सुमारे २५ टक्के प्रथिने असलेला हा दाणा सामान्य घरातला स्वस्त आणि चांगला आहार आहे. प्रश्न खराब दाण्याचा आहे.

मर्यादा किती?

अफ्लाटॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. किलोला एक मायक्रोग्रॅम म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग.

* भारत, थेट खाण्याचे शेंगदाणे : एकूण अफ्लाटॉक्सिन किलोला १० मायक्रोग्रॅम
* भारत, पुढे प्रक्रिया होणारे शेंगदाणे : एकूण १५
* युरोपीय संघ, थेट खाण्याचे शेंगदाणे : एकूण ४, त्यात बी-१ जास्तीत जास्त २
* भारत, दूध : एम-१ प्रकार ०.५
* युरोपीय संघ, दूध : एम-१ प्रकार ०.०५

भारतातल्या मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण (एफएसएसएआय) ठरवते. निर्यातीच्या शेंगदाण्याचा मागोवा ठेवण्यासाठी 'अपेडा' या केंद्रीय संस्थेची 'पीनट डॉट नेट' ही संगणकीय व्यवस्था आहे. एवढे असूनही माल अडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियाने अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण जास्त आढळल्याचे सांगून भारतीय शेंगदाण्याची आयात काही काळ थांबवली होती.

निवडून टाकलेला दाणा जातो कुठे?

मोठ्या कारखान्यांत रंग ओळखणारी यंत्रे खराब दाणे क्षणात बाजूला उडवतात. चांगला माल निर्यातीला किंवा नामांकित कंपन्यांकडे जातो. बाजूला पडलेल्या मालातले विष मात्र नाहीसे झालेले नसते, उलट तिथे ते एकवटलेले असते. हा माल नष्ट केला नाही तर त्याला तीन वाटा असतात.

पहिली वाट तुकड्याची. फुटके, बारीक दाणे स्वस्तात विकले जातात. कूट, चिक्की, चटणी, लाडू यांत दाण्याचे मूळ रूप दिसत नाही. दळलेल्या दाण्यात काळा-पांढरा कोणता हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग उरत नाही.

दुसरी वाट तेलाची. तेल गाळताना अफ्लाटॉक्सिनचा मोठा भाग पेंडीत राहतो, थोडा तेलात येतो. रिफायनिंगमध्ये अल्कलीची प्रक्रिया आणि विरंजक माती यांमुळे तेलातला हा अंश जवळजवळ निघून जातो. लाकडी घाण्याच्या किंवा नुसत्या गाळलेल्या तेलावर या प्रक्रिया होत नाहीत. त्यामुळे घाण्याच्या तेलाची शुद्धता पूर्णपणे घाण्यात पडणाऱ्या दाण्यावर अवलंबून असते. निवडलेला, कोरडा दाणा घातला तर चिंता कमी. टाकाऊ दाणा घातला तर 'नैसर्गिक' या शब्दाने काही फरक पडत नाही.

तिसरी वाट पेंडीची, आणि ती सर्वांत लांब जाते. दाण्याचे जवळपास निम्मे वजन तेलाचे असते. तेल निघून गेल्यावर विषाचा बहुतेक भाग उरलेल्या निम्म्या वजनात राहतो, म्हणून पेंडीतले प्रमाण मूळ दाण्याच्या दुपटीकडे जाते. ही पेंड गायी-म्हशींना घातली की जनावराच्या यकृतात बी-१ पासून एम-१ हा प्रकार तयार होतो आणि तो दुधात उतरतो. जनावराने खाल्लेल्या बी-१ पैकी साधारण १ ते ३ टक्के अंश दुधात येतो, जास्त दूध देणाऱ्या गायीत याहूनही अधिक. दूध उकळल्याने तो जात नाही. पनीरमध्ये तर तो प्रथिनांना चिकटून अधिक एकवटतो.

एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ दुधाचे नमुने तपासले. त्यांतल्या ३६८, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघाले. दुधातल्या भेसळीची चर्चा नेहमी होते, पण या पाहणीत भेसळीपेक्षा अफ्लाटॉक्सिन हाच मोठा प्रश्न दिसला. त्यात दोष एकट्या भुईमुगाच्या पेंडीचा नाही, सरकी आणि मकाही पशुखाद्यात असतात. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या तालुक्यांतला मका मोठ्या प्रमाणावर कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्याला जातो, म्हणून तिथल्या ओल्या मक्याचा प्रश्नही याच साखळीत येतो.

दिलासा एवढाच की खाद्य बदलले की दूध लवकर सुधारते. दूषित पेंड बंद केल्यावर काही दिवसांतच एम-१ चे प्रमाण झपाट्याने खाली येते.

कोरड्या मालाला भाव का मिळत नाही?

बाजार समितीत शेंगेचा भाव डोळ्यांनी ठरतो. दाण्याचा आकार, रंग, टरफलाचे प्रमाण आणि हाताला लागणारी ओल पाहिली जाते. अफ्लाटॉक्सिनची चाचणी शेतकऱ्याच्या ढिगावर होत नाही. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची ८ टक्के ही मर्यादा आहे, पण खुल्या बाजारात त्यापेक्षा ओला माल सहज विकला जातो.

याचा हिशेब सरळ आहे. १२ टक्के ओलावा असलेली १०० किलो शेंग ८ टक्क्यांपर्यंत वाळवली तर ती सुमारे ९५.७ किलो भरते. म्हणजे सव्वाचार किलो वजन कमी. किलोमागे भाव तोच राहिला, तर नीट वाळवणारा शेतकरी तोट्यात आणि ओला माल आणणारा फायद्यात. वळवाचे ढग दिसत असताना, खळ्यावर जागा नसताना आणि हातात पैसा हवा असताना आणखी चार दिवस माल वाळवण्याचे कारण बाजार शेतकऱ्याला देत नाही. त्या सव्वाचार किलो पाण्याची किंमत पुढे कुणाच्या तरी ताटात किंवा दुधाच्या पेल्यात मोजली जाते. म्हणूनच ओलावामापक, सामायिक वाळवण ओटे, ताडपत्र्या आणि कोरड्या मालाला वेगळा भाव ही शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि खरेदीदारांनी मिळून करण्याची कामे आहेत.

शेतात काय करता येते?

* पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्माची प्रक्रिया करावी. फुटके, सुरकुतलेले बी पेरू नये.
* आऱ्या सुटताना जिप्सम द्यावे. त्यातल्या कॅल्शियममुळे टरफल आणि दाणा भक्कम होतो.
* आऱ्या जमिनीत उतरल्यावर कोळपणी टाळावी. हुमणी आणि वाळवीचा बंदोबस्त वेळेत करावा.
* पाणी कमी असेल तर क्षेत्र कमी ठेवावे, पण शेंगा पोसण्याच्या काळातल्या पाळ्या राखून ठेवाव्यात. तुषार किंवा ठिबक सिंचनाने हे साधते.
* टरफलाची आतली बाजू काळसर झाली की शेंग पक्व समजावी. बहुतेक शेंगा पक्व होताच काढणी करावी. उशीर झाला तर शेंगा जमिनीतच कोंब धरतात.
* तुटून मातीत राहिलेल्या, किडक्या आणि फुटक्या शेंगा चांगल्या मालात मिसळू नयेत.
* शेंगा ताडपत्रीवर पातळ थरात वाळवाव्यात. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. दाण्यांपेक्षा शेंगा साठवणे केव्हाही चांगले.

पैठण रस्त्यावरचे कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांच्याकडून स्थानिक जमिनीनुसार सल्ला मिळतो. विद्यापीठाचे लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे.

घरी काय करावे?

शक्यतो आख्खे दाणे आणावेत आणि कूट घरी करावा. थोडे थोडे आणून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावेत, पावसाळ्यात फ्रिजमध्ये. भाजण्याआधी निवडावेत आणि भाजून साले काढल्यावर पुन्हा एकदा पाहावेत, कारण सालाखालचे डाग तेव्हाच दिसतात. शेंगा फोडताना आत बुरशी दिसली तर ती शेंग पूर्ण टाकावी. बुरसलेला दाणा धुऊन, उन्हात ठेवून किंवा जास्त भाजून सुधारत नाही. अफ्लाटॉक्सिन पूर्णपणे मोडायला २५० अंशांहून जास्त उष्णता लागते आणि तेवढ्या तापमानात दाण्याचा कोळसा होतो. भाजल्याने विष थोडे कमी होते, संपत नाही. निवडून काढलेले दाणे गायी-म्हशींना किंवा कोंबड्यांना घालू नयेत.

शंका आल्यास ग्राहकालाही चाचणी करून घेता येते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार खरेदीदार शुल्क भरून अन्नाचा नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो.

संशोधन कुठवर आले?

अफ्लाटॉक्सिनला पूर्ण दाद न देणारे भुईमुगाचे वाण अजून शेतकऱ्याच्या हातात आलेले नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जनुकीय बदल करून प्रयोगशाळेत अशी झाडे तयार केली आहेत. ती अजून शेतात पोचलेली नाहीत. आफ्रिकेत 'अफ्लासेफ' हा जैविक उपाय वापरला जातो. विष तयार न करणारी अॅस्परजिलस बुरशी पिकात टाकायची, म्हणजे ती विषारी बुरशीची जागा बळकावते, असे त्याचे तत्त्व आहे.

मलावीचे उदाहरण महाराष्ट्राला जवळचे आहे. जळगावच्या संशोधन केंद्रात तयार झालेले 'जेएल-२४', म्हणजेच 'फुले प्रगती' हे वाण तिथे 'काकोमा' नावाने घेतले जाते. अफ्लाटॉक्सिनमुळे हातची गेलेली ब्रिटनची बाजारपेठ तिथल्या छोट्या शेतकऱ्यांच्या संघटनेने इक्रिसॅटच्या मदतीने परत मिळवली. त्यासाठी वेगळे वाण शोधून काढावे लागले नव्हते. स्वस्तात तपासणी करणारे संच संघटनेच्या हाती आले, माल खरेदीच्या जागीच तपासला जाऊ लागला आणि खराब माल चांगल्यात मिसळायचा थांबला.